‘गो ऑफ’ म्हणजे वाजणे की बंद होणे? वारंवार होणाऱ्या एका चुकीचे निवारण

वरुड तालुक्यातील आमच्या गावात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे विद्यार्थ्यांच्या वह्या येतात, तसे गावकऱ्यांचे कागदही येतात. फवारणीच्या डब्यावरची चिठ्ठी, ठिबकच्या संचातले माहितीपत्रक, बँकेचे पत्र, असे काहीबाही घेऊन लोक दारात उभे राहतात आणि आत काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगतात. वह्या आणि कागद या दोन्हींत एक चूक मला इतक्या वेळा भेटली आहे की तिचे निवारण एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. ती चूक ‘गो ऑफ’ या इंग्रजी क्रियापदाची आहे. इंग्रजीत छोटे क्रियापद आणि त्याला चिकटलेले एखादे अव्यय मिळून नवाच अर्थ तयार होतो, तशी शेकडो जोडक्रियापदे आहेत. पण एकाच पानावर एकमेकांच्या नेमक्या उलट अर्थाने येण्याची खोड ‘गो ऑफ’इतकी क्वचितच दुसऱ्या कुणाला असेल.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाची सुरुवात शेजारच्या काकाजींच्या बागेत झाली. संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी देण्याचे दिवस होते आणि त्यांनी बोअरच्या मोटरसाठी नवी स्टार्टरपेटी बसवली होती. पेटीसोबत आलेल्या पत्रकात इंग्रजीत दोन वाक्ये लागोपाठ छापलेली होती: ‘इफ द अलार्म गोज ऑफ, स्विच ऑफ द मोटर. डू नॉट रीस्टार्ट अन्टिल द रेड लाईट गोज ऑफ.’ त्याखाली मराठी मजकूर होता: ‘अलार्म बंद झाल्यास मोटर बंद करा. लाल दिवा बंद होईपर्यंत पुन्हा सुरू करू नका.’

यातले दुसरे वाक्य बिनचूक आहे आणि पहिले संपूर्ण उलटे आहे. बोअरमधली मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. पाण्याची पातळी खाली गेली आणि पंप कोरडा फिरू लागला की मोटरवरचा भार उतरतो, ती कमी अँपिअर ओढते, पेटी तेवढ्यावरून ओळखते आणि भोंगा वाजवते. म्हणजे भोंगा वाजू लागला की मोटर तत्काळ बंद करायची, असे मूळ वाक्य सांगत होते. काकाजींच्या पेटीत मोटर आपोआप तोडणारी जोडणी केलेली नव्हती. सगळी भिस्त भोंग्यावर होती. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. भोंगा वाजला, काकाजी बाजेवरून उठून पेटीपाशी गेले, बॅटरीच्या उजेडात पत्रक वाचले आणि परत येऊन पडले. सकाळी मोटर जळालेली होती. मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, कागदावर तं असंच लिहेलं हाये ना, अलार्म बंद झाला तं मोटर बंद करा. अलार्म तं वाजूनच राह्यला होता. मले वाटलं, वाजते तोवर काही भेव नाही.’

त्यांच्या तर्कात मला आजही खोट दिसत नाही. ज्याने भाषांतर केले, त्याने दोन्ही ठिकाणी एकच शब्द बसवला. आणि ज्या वाक्यात तो शब्द चुकला, ते वाक्यही व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने पटण्यासारखे होते, म्हणून ते कुणाला खटकले नाही.

बिघाड कुठे आहे

माझ्या अनुभवात या चुकीचे मूळ इंग्रजीच्या अज्ञानात कमी आणि मराठीत शिरलेल्या ‘ऑफ’मध्ये अधिक आहे. आपण ‘ऑफ’ हा शब्द विजेच्या बटणावरून शिकलो. ‘मोटर ऑफ कर’, ‘मोबाईल ऑफ झाला’, ‘त्याचा मूड ऑफ आहे’, ‘सोमवारी माझा ऑफ असतो’ ही वाक्ये इंग्रजीचा गंध नसलेला माणूसही बोलतो, आणि या प्रत्येक ठिकाणी ‘ऑफ’चा अर्थ बंद, थांबलेला किंवा सुटीवर असाच आहे. त्यामुळे ‘गो ऑफ’ समोर आले की वाचणारा ‘ऑफ’ हा शब्द ओळखीचा समजून तिथेच थांबतो आणि ‘गो’ म्हणजे होणे असे धरून ‘बंद होणे’ हा अर्थ पूर्ण करतो. अनोळखी शब्द असता तर त्याने शब्दकोश उघडला असता. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीपर्यंत ही गाठ सुटलेली नसते, कारण ती गाठ आहे हेच मुलांना कळत नाही.

इंग्रजीतल्या ‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘पासून दूर’ असा आहे. षष्ठीचे काम करणारा ‘ऑव्ह’ आणि हा ‘ऑफ’ हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते आणि १७व्या शतकापर्यंत ते पुरते वेगळे झाले. बटणावरचा ‘ऑफ’ त्या मानाने फारच अलीकडचा. तेव्हा ‘गो ऑफ’ म्हणजे आपल्या जागेपासून किंवा आपल्या स्थितीपासून निघून जाणे. बंदुकीचा चाप सुटला आणि गोळी निघाली, ती ‘वेन्ट ऑफ’. गजराच्या घड्याळात किल्ली देऊन ताणलेली कमान एका खिट्टीने अडवलेली असते. वेळ झाली की खिट्टी सरकते आणि घंटा खणखणू लागते, तोही ‘वेन्ट ऑफ’. दिव्याचा उजेड निघून गेला, तो ‘वेन्ट ऑफ’. दूध आपल्या चांगल्या स्थितीपासून ढळले, तेही ‘वेन्ट ऑफ’. इंग्रज माणसाला यात विरोध दिसत नाही, कारण त्याच्या कानाला निघून जाणेच ऐकू येते.

हे विद्यार्थ्यांना पटत नाही, तेव्हा मी त्यांना मराठीतले ‘सुटणे’ घ्यायला सांगते. वारा सुटला, म्हणजे वाहू लागला. घाम सुटला, वास सुटला, तोंडाला पाणी सुटले, इथे सगळीकडे काहीतरी सुरू झाले. शाळा सुटली, नोकरी सुटली, दारू सुटली, इथे सगळीकडे काहीतरी संपले. गाडी सुटली म्हणजे निघाली, गोळी सुटली म्हणजे झाडली गेली, गणित सुटले म्हणजे उत्तर आले, आणि बैल दाव्याचा सुटला तर सगळ्यांनी बाजूला व्हावे. वऱ्हाडातले पाच वर्षांचे पोरही यात गोंधळत नाही. ‘वारा सुटला’ ऐकून कुणी वारा थांबला असे समजत नाही, कारण आपण ‘सुटला’चा अर्थ लावण्याआधी काय सुटले ते ऐकतो. ‘वाढवणे’ही असेच आहे: पगार वाढवला तर तो वर चढतो, पण दुकान वाढवले तर फळ्या लागतात आणि नारळ वाढवला तर तो फुटतो. जी सवय मराठीत आपल्या अंगात मुरलेली आहे, तीच इंग्रजीत वापरायची आहे.

तपासणी: कर्ता पाहावा

म्हणून पहिली तपासणी अशी की ‘गो ऑफ’वर बोट ठेवून झाकावे आणि वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहावे. कर्ता अलार्म, सायरन, भोंगा, बझर किंवा घंटा असेल, तर अर्थ ‘वाजू लागणे’. कर्ता बॉम्ब, फटाका, बंदूक किंवा सुरुंग असेल, तर अर्थ ‘फुटणे’, ‘उडणे’ किंवा ‘सुटणे’. आमच्याकडे विहिरीच्या खोदकामात सुरुंग लावतात, तिथे ही चूक मोटरपेक्षा महाग पडू शकते: ‘इफ द चार्ज डझ नॉट गो ऑफ’ याचा अर्थ ‘सुरुंग उडाला नाही तर’ असा आहे, आणि न उडालेल्या सुरुंगाजवळ जाऊ नये असे पुढे लिहिलेले असते. कर्ता दिवा, पंखा, हीटर किंवा वीज असेल, तर अर्थ ‘जाणे’, ‘विझणे’ किंवा ‘बंद पडणे’. विदर्भात आपण विजेला लाईन म्हणतो आणि ‘लाईन गेली’ म्हणतो. ‘द पॉवर वेन्ट ऑफ’ याचे याहून चांगले भाषांतर मला माहीत नाही.

कर्ता मोबाईल असेल तर विशेष जपावे. ‘हिज फोन वेन्ट ऑफ ड्युरिंग द मीटिंग’ या वाक्याचे भाषांतर माझ्या वर्गात दरवर्षी ‘सभेत त्याचा फोन बंद झाला’ असे होते. खरा अर्थ ‘भर सभेत त्याचा फोन वाजला’ असा आहे, आणि पुढच्या वाक्यात सगळे त्याच्याकडे रागाने का पाहतात, ते त्याशिवाय कळत नाही.

कर्त्याने निकाल लागला नाही, तर ‘गो ऑन’ किंवा ‘कम ऑन’ घालून वाक्य उलटे करून पाहावे. दिव्याच्या बाबतीत ते सहज उलटते: दिवे ‘गो ऑफ’ होतात आणि मग ‘कम ऑन’ होतात, जशी लाईन जाते आणि येते. अलार्मच्या बाबतीत ते उलटत नाही. ‘गोज ऑफ’ झालेल्या अलार्मची उलट क्रिया ‘स्टॉप्स’ ही आहे. ज्या वाक्यात ‘ऑन’ची जोडी बसते, तिथेच ‘बंद होणे’ हा अर्थ धरावा. काकाजींच्या पत्रकातली दोन वाक्ये या कसोटीला लावली असती, तर दोन मिनिटांत वेगळी झाली असती. पेटीवरचा ‘अलार्म लाईट’ मात्र नावात अलार्म असला तरी दिवाच आहे, तो ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो; इथे मीही एकदा फसले आहे.

खाण्याचे पदार्थ

कर्ता खाण्यापिण्याचा पदार्थ असेल, तर अर्थ एकच असतो, पण मराठीत एक शब्द पुरत नाही. इंग्रजी माणूस दूध, मासळी, मटण, शिजलेले अन्न या सगळ्यांना मिळून ‘गॉन ऑफ’ म्हणतो. आपल्याकडे दूध नासते, वरण आंबते, भाजी विटते, मटण वास मारते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना सकाळचे वरण दुपारी झाकण काढल्याबरोबर कसा आंबूस वास देते आणि वर बारीक फेस कसा धरते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ‘वरण खराब झाले’ हे भाषांतर पुळचट वाटेल. ‘खराब होणे’ चुकीचे नाही, अडल्यावर वापरावे. पण नेमका शब्द घरात असताना तो सोडू नये.

या गटातली चूक पकडायला सर्वांत अवघड जाते. ‘द मिल्क वेन्ट ऑफ’ याचे एका मुलीने ‘दूध बंद झाले’ असे भाषांतर केले, आणि मी ते बरोबर समजून पुढे गेले, कारण आमच्या गावात गाय आटली किंवा गवळ्याने रतीब थांबवला की आपण ‘दूध बंद झालं’ असेच म्हणतो. उताऱ्यात पुढे ‘म्हणून तिने ते ओतून दिले’ असे होते, तेव्हा लक्षात आले की बंद झालेले दूध ओतता येत नाही. यावरून मी एक सवय लावून घेतली आहे: ‘गो ऑफ’चे भाषांतर झाल्यावर पुढचे वाक्य त्याच्याशी जुळते का ते पाहायचे. अलार्म बंद झाल्यावर मोटर बंद का करायची, हा प्रश्न त्या पत्रकाच्या भाषांतरकाराने स्वतःला विचारला असता, तर तो अडखळला असता.

हा पदार्थांचा अर्थ मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला आहे. अमेरिकन माणूस तिथे बहुधा ‘वेन्ट बॅड’ म्हणतो. ‘गो ऑफ’ऐवजी नुसते ‘द मिल्क इज ऑफ’ असेही लिहिलेले सापडते, त्याचाही अर्थ नासणे हाच.

कर्ता माणूस किंवा कार्यक्रम असेल तर

माणूस ‘गोज ऑफ’ म्हणजे बहुधा निघून जातो. पुढे ‘विथ’ आले तर प्रकरण गंभीर होते: कुणासोबत असेल तर पळून गेला, आणि वस्तूसोबत असेल तर ती घेऊन पसार झाला. पुढे ‘टू स्लीप’ आले तर डोळा लागला. अमेरिकन बोलण्यात ‘ऑन’ आणि माणसाचे नाव आले तर तो त्याच्यावर भडकला किंवा खेकसला. ‘ऑन अ टॅन्जन्ट’ आले तर बोलता बोलता भरकटला, जे आमच्या ग्रामसभेत नित्याचे आहे.

‘ऑफ’च्या लगेच पुढे एखादे नाम उभे असेल, तर थांबून पाहावे. ‘शी हॅज गॉन ऑफ टी’ यात ती कुठे गेलेली नाही. तिला चहा नकोसा झाला आहे, चहावरची तिची वासना उडाली आहे. ‘आय हॅव गॉन ऑफ हिम’ म्हणजे तो माझ्या मनातून उतरला. हीदेखील ब्रिटिश धाटणी आहे. पण ‘द बस वेन्ट ऑफ द रोड’ यात बस रस्त्यावरून खाली घसरली आहे, तिला रस्त्याचा वीट आलेला नाही. पुन्हा कर्ताच पाहावा लागतो: आवडणे-न आवडणे माणसाचे, घसरणे गाडीचे.

कार्यक्रम ‘गोज ऑफ’ म्हणजे पार पडतो, आणि कसा पार पडला हे सांगणारा शब्द बहुधा सोबत असतो. ‘द मीटिंग वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे सभा नीट पार पडली. या वाक्याचे ‘सभा विहिरीवरून गेली’ असे भाषांतर मी तपासले आहे आणि त्या विद्यार्थ्याला अर्धा गुण द्यावा की काय या विचारात थोडा वेळ घालवला आहे, कारण त्याने निदान प्रत्येक शब्दाचा विचार केला होता. याच्या शेजारी ‘द मीटिंग इज ऑफ’ हे वाक्य ठेवून पाहावे: ती सभा रद्द झाली आहे. ‘वेन्ट ऑफ’ असेल तर झाली, ‘इज ऑफ’ असेल तर होणार नाही, आणि कुणी ती रद्द केली असेल तर ‘कॉल्ड ऑफ’. लग्नाच्या बाबतीत हा फरक चुकला, तर आहेर घेऊन गेलेला माणूस परत येईल.

शब्दकोश आणि मोबाईल

विद्यार्थ्यांची एक तक्रार अशी असते की ‘वेन्ट ऑफ’ शब्दकोशात सापडत नाही. ‘वेन्ट’ हे ‘गो’चे भूतकाळी रूप आहे (ते मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचे होते आणि ‘गो’ने ते दत्तक घेतले), म्हणून शोध ‘गो’च्या नोंदीत घ्यावा. तिथे आधी नुसत्या ‘गो’चे अर्थ असतात आणि जोडक्रियापदे नोंदीच्या शेवटी असतात, मुले पहिला अर्थ वाचून कोश मिटतात. कोशात ‘गो ऑफ’ला पाच-सहा अर्थ दिसले, तर प्रत्येक अर्थाखालचे उदाहरणवाक्य वाचावे आणि त्यातला कर्ता आपल्या कर्त्याच्या जातीचा आहे का ते पाहावे.

मोबाईलवरून भाषांतर करायचे असेल, तर नुसते ‘गो ऑफ’ टाकू नये, पूर्ण वाक्य टाकावे, आणि शक्य असल्यास पुढचेही. आलेले मराठी वाक्य पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहावे. ‘गोज ऑफ’ची वाट धरून गेलेले वाक्य ‘स्टॉप्स’ होऊन परतले आणि कर्ता अलार्म असेल, तर बिघाड सापडला असे समजावे. मुलांकडून इंग्रजी लिहून घेताना आणखी एक चूक दिसते: ‘मी दिवा बंद केला’ याचे ‘आय वेन्ट ऑफ द लाईट’. दिवा आपण होऊन जातो, तेव्हा तो ‘गोज ऑफ’. आपण तो घालवतो, तेव्हा ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. विझणे आणि विझवणे यांत जो फरक आहे, तोच हा.

भाषांतर कागदावर उतरवताना मी आता एक नियम पाळते, तो म्हणजे मराठी वाक्यात ‘ऑफ’ हा शब्द येऊच द्यायचा नाही, आणि ‘बंद’ हा शब्द एका सूचनेत एकाच गोष्टीसाठी वापरायचा. काकाजींची मोटर साडेसातशे फुटांवरून वर काढून, वाइंडिंग करून पुन्हा सोडली, त्या दिवशी मी जाड कागदावर ठळक अक्षरांत नवी सूचना लिहून दिली: ‘भोंगा वाजू लागताच मोटर बंद करावी. लाल दिवा विझल्याशिवाय ती पुन्हा सुरू करू नये.’ काकाजींनी ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवण्याआधी दोनदा वाचली आणि एकच दुरुस्ती सुचवली. ‘वाजू लागताच’च्या जागी ‘बोंबलू लागताच’ लिहा, असे त्यांचे म्हणणे होते: ‘वाजते तं मोबाईलबी, मॅडम.’ मी ‘वाजू’ खोडून त्यावर ‘बोंबलू’ लिहिले, आणि तो कागद आजही त्या झाकणावर आहे.